माझे टाके, बाबांचे टाके

मी बाबांना माझ्या यकृताचा भाग दिला, त्या ऑपरेशननंतर नवव्या दिवशी सकाळी बाबांच्या हिरव्या गाऊनवर, उजव्या कुशीच्या बाजूला रुपयाएवढा ओला डाग दिसला. पिवळसर, कडेनं तांबूस. आई म्हणाली, "पेल्यातलं पाणी सांडलं असेल." मीही तेच धरून चालले. मला आदल्याच दिवशी सुट्टी मिळाली होती आणि पोटाला पट्टा आवळून, म्हातारीसारखी कमरेत वाकून मी त्यांच्या खोलीपर्यंत आले होते. सिस्टरनं डाग पाहिला आणि एक शब्द न बोलता रेसिडेंट डॉक्टरला बोलावलं. त्यानं ड्रेसिंग सोडलं, गॉजचा तुकडा धरून जखमेच्या कोपऱ्याशी दोन बोटांनी हळूच दाबलं, आणि कातडी जोडणाऱ्या दोन पिनांच्या मधून दाट, मळकट पू वर आला.

"दुखतं का काका?"

"नाही बाप्पा, काहीच दुखून नाही राहिलं."

ताप ९९.४. स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमस ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्या माणसाला धड तापही येत नाही आणि धड ठणकाही लागत नाही, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. दुखत नाही म्हणजे सगळं छान, असं समजून आम्ही दोन दिवस निवांत होतो.

त्यानं चार पिना काढल्या. कातडीची कड उघडली, आतली पिवळी चरबी दिसली आणि आई बाहेर निघून गेली. मी मात्र पाहत राहिले, कारण माझ्याही पोटावर अगदी तशीच, काटकोनात वळलेली चीर होती. दिवस तोच, थिएटर शेजारशेजारचं, डॉक्टरांची टीम तीच, पिनाही त्याच डब्यातल्या म्हणा ना. माझी चीर कोरडी, कडक, खाज सुटलेली. बाबांची पिकलेली. पुढचे साडेतीन महिने माझ्या डोक्यात हा एकच प्रश्न घोंगावत राहिला. मी नागपुरात सीताबर्डीवर एका सीएच्या ऑफिसात काम करते. ताळेबंद जुळला नाही की चुकीची नोंद शोधत बसायचं, ही सवय अंगात भिनलेली. इथंही अशीच एक चुकलेली नोंद सापडेल असं मला वाटत होतं.

थोडं मागचं सांगते. बाबा जिल्हा परिषदेत नोकरीला, निवृत्तीला दहा महिने बाकी. साखर सोळा वर्षांपासूनची, वजन कायम वाढलेलं, आणि त्यातून यकृतावर चढलेली चरबी. तिचाच पुढे सिरॉसिस झाला, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत गेलं. दारूचा थेंब कधी घेतला नाही माणसानं, पण लिव्हर म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न तोच विचारतो. मानेवाड्याच्या आमच्या गल्लीत तर आईनं शेवटी लोकांना उत्तर देणंच सोडून दिलं.

शेवटच्या वर्षात पोटात पाणी भरायला लागलं. पंधरा-वीस दिवसांनी ॲडमिट व्हायचं, पाच-सहा लिटर पाणी काढायचं, सलाइनसारखी अल्ब्युमिनची, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाची, बाटली लावायची, घरी यायचं. दोनदा ते पाणीच जंतूंनी भरलं. दर वेळी आठ-दहा दिवस भारी अँटिबायोटिक. एकदा रक्ताची उलटी झाली, तेव्हा पुन्हा अँटिबायोटिक. मेल्ड स्कोअर म्हणून एक आकडा असतो. बिलिरुबिन, क्रिएटिनिन, रक्त गोठायला लागणारा वेळ आणि सोडियम यांवरून तो काढतात. तो ६ पासून ४० पर्यंत जातो, आणि जितका जास्त तितका माणूस काठावर. बाबांचा २६ वर गेला. विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव होतंच, पण मेंदूमृत दात्याचं, त्याच रक्तगटाचं, बेताच्या आकाराचं यकृत कधी मिळेल हे कोण सांगणार? आईला बीपी आणि साखर दोन्ही. भाऊ नाही. माझा रक्तगट बाबांचाच, बी पॉझिटिव्ह.

आत्या वर्ध्याहून आली ती हेच घेऊन. "अवं पोरीचं लग्न व्हाचं हाय अजून. पोटावर एवढा मोठा वण घेऊन कोण करन तिच्याशी?" मी काही बोलले नाही. रुग्णालयाच्या समितीसमोर मात्र बोलावं लागलं. बाई दाता असली की तिची संमती स्वखुशीची आहे ना, याची नियमाप्रमाणे वेगळी आणि जास्त काळजीनं खात्री करतात. आईबाबांना बाहेर बसवून, समोर कॅमेरा लावून मला विचारलं, "कुणाचा दबाव आहे का?" मी म्हटलं, "दबाव आहे, पण देऊ नको म्हणून." समितीतले एक वयस्कर गृहस्थ हसले.

ऑपरेशनच्या आधीच्या आठ महिन्यांबद्दल लिहायला हात जड होतो, तरी लिहिते. लिव्हरच्या माणसाला पचत नाही, त्याला हलकं द्या, हे आमच्याकडे प्रत्येकानं सांगितलं. शेजारच्या काकूंनी, आयुर्वेदवाल्या मामाजींनी, अगदी कामवाल्या मावशींनीही. त्यामुळे बाबांना काय, तर मऊ भात, ताक, वरणाचं वरवरचं पाणी, उकडलेला दुधी. अंडी बंद, पनीर बंद, घट्ट वरण बंद. रात्री सातला जेवण की सकाळी आठपर्यंत पोटात काही नाही. पोट फुगलेलं असल्यामुळे माणूस धष्टपुष्ट दिसायचा. पण दंड माझ्या मनगटाएवढे झाले होते. प्रत्यारोपणाच्या तपासण्या सुरू झाल्या तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी बाबांना खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायला सांगितलं. उठता आलं नाही. मग त्यांनी आईला विचारलं, "यांना उपाशी कशाला ठेवलंत?"

सिरॉसिसच्या माणसाला प्रथिनं कमी नाही, उलट जास्त लागतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागं दिवसाला सव्वा-दीड ग्रॅम. आणि झोपताना काहीतरी खाणं जरुरीचं, कारण खराब यकृतात रात्रभर पुरेल एवढी साखर साठतच नाही. मग शरीर स्वतःचंच मांस जाळतं. आई त्या दिवशी घरी येऊन ओट्यापाशी कितीतरी वेळ उभी होती. नंतरचे पाच आठवडे आम्ही घट्ट वरण, अंड्याचं पांढरं, पनीर, रात्री दहाला दूध-सत्तू असा मारा केला. थोडा फरक पडला. पण आठ महिन्यांत गेलेलं मांस पाच आठवड्यांत कुठून येणार? ॲडमिट झाले तेव्हा अल्ब्युमिन २.४.

दुसरी गोष्ट खर्ऱ्याची. नागपूरकराला खर्रा काय असतो ते सांगावं लागत नाही. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत टाकून घोट-घोट घोटलेलं. डॉक्टरांनी तपासण्यांच्या पहिल्या दिवशीच बंद करायला सांगितला होता, आणि बाबांनी आईच्या डोक्यावर हात ठेवून बंद केला होता. ॲडमिट व्हायच्या दिवशी बॅग भरताना चपलांच्या स्टँडमागे तीन पुड्या सापडल्या. ताज्या. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि टाक्यांच्या कडेपर्यंत प्राणवायू नीट पोहोचत नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त त्या पुड्या कचऱ्यात टाकल्या आणि कुणाला बोलले नाही.

तिसरी गोष्ट ऐकून आजही मला हसावं की रडावं कळत नाही. ॲडमिट व्हायच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी चौकातल्या सलूनवाल्याला घरी बोलावलं. दाढी केली ती केलीच, वर छाती-पोटही वस्तऱ्यानं साफ करून घेतलं. "डॉक्टर लोकायले तरास नको." दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरनं पोटावरचे बारीक लाल ओरखडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. वस्तऱ्यानं कातडीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि त्यात जंतू वस्ती करतात. म्हणून ऑपरेशनच्या आधी केस काढायचेच असतील तर क्लिपरनं, म्हणजे केस कापायच्या मशीननं, आणि तेही ऐनवेळी काढतात. त्या रात्री आणि पहाटे, आम्हा दोघांनाही क्लोरहेक्सिडीनच्या जंतुनाशक साबणानं अंघोळ घालायला लावली. त्याच दिवशी बाबांच्या गुदद्वारातून एक स्वॅब घेतला होता. तो कशासाठी, हे विचारायचं मला सुचलं नाही.

ऑपरेशनचं मला आठवतं ते एवढंच: थिएटरात हुडहुडी भरली होती आणि कुणीतरी अंगावर गरम हवा भरलेली कागदी रजई टाकली. शरीर थंड पडलं तरी जखमा पिकतात म्हणून ती असते. हाताला अँटिबायोटिक जोडलं. चीर द्यायच्या आधीच्या तासाभरात ते रक्तात पोहोचायला हवं. मग छतावरचा दिवा. माझं सात तासांत आटोपलं, रक्ताची एकही पिशवी लागली नाही. बाबांचं साडेबारा तास चाललं. अकरा पिशव्या रक्त, वर प्लाझ्मा. २००९ मध्ये त्यांची पित्ताशयाची पिशवी काढली होती, तीही दुर्बिणीनं नाही, पोट उघडून. त्या जुन्या ऑपरेशनमुळे आतडं, यकृत, पोटाचं आवरण सगळं एकमेकांना चिकटून बसलं होतं. ते सोडवतानाच चार तास आणि बरंचसं रक्त गेलं. घरी कुणालाही ते जुनं ऑपरेशन सांगण्याजोगं वाटलं नव्हतं. मी फॉर्मवर लिहिलं होतं म्हणून निदान कागदावर तरी होतं.

नवव्या दिवशी पू निघाला आणि घरात खटला उभा राहिला. काका म्हणाले, हॉस्पिटलच घाण आहे. आई म्हणाली, माझ्या हाताचं काहीतरी बाधलं. मामाजी म्हणाले, एवढ्या गोळ्या कशाला देतात. आणि आई-मी दोघींचा सगळा राग आत्यावर. सातव्या दिवशी ती भेटायला आली होती. मास्क होता, गाऊन होता, हातही धुतले होते, पण निघताना तिनं कुलदेवीचा अंगारा चिमटीत घेऊन बाबांच्या कपाळाला लावला आणि उरलेला, गाऊनवरूनच, पोटावर भुरभुरला. मी तिला फोन करून जे बोलले ते इथं लिहीत नाही. माझा स्वतःचा दुसराही एक संशयित होता. एका पहाटे मी वॉर्डातल्या मुलाला शेजारच्या पेशंटची लघवीची पिशवी रिकामी करून त्याच हातमोज्यांनी बाबांच्या ड्रेनची, म्हणजे पोटातून काढलेल्या नळीची, पिशवी उचलताना पाहिलं होतं. मी तक्रार केली. "बघतो" म्हणाले. काय बघितलं, कधी कळलं नाही.

सीटी स्कॅन झाला. जखमा पिकण्याचेही थर असतात. नुसत्या कातडीपुरतं, त्याखाली स्नायूपर्यंत, किंवा थेट पोटाच्या पोकळीत. आमच्याकडे पहिलं आणि तिसरं दोन्ही होतं. मी दिलेल्या यकृताच्या कापलेल्या बाजूवरून पित्ताचे थेंब गळत होते आणि तिथं एक छोटं डबकं साचलं होतं. जिवंत दात्याचं यकृत म्हणजे अर्धं कापलेलं. त्या कापलेल्या तोंडावर बारीक पित्तनलिका असतात, म्हणून हा धोका त्यात जास्त. म्हणजे हिशेबात माझीही एक नोंद होतीच. कुशीतून एक बारीक नळी घालून ते डबकं वाहतं केलं. पिशवीत सकाळी हिरवट-सोनेरी रंग दिसला की आई मला खूण करायची.

अकराव्या दिवशी मोठे सर्जन राउंडनंतर थांबले. मी रोज तेच तेच विचारून त्यांना जेरीस आणलं होतं. "तू ऑडिटवाली ना? काढ वही." मी वहीच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला मी, एका बाजूला बाबा.

ते भराभर विचारत गेले आणि मी लिहीत गेले. वय एकोणतीस आणि सत्तावन्न. अल्ब्युमिन ४.३ आणि २.४. माझी साखर ८८. बाबांची ऑपरेशनमध्येच, स्टेरॉइडचा मोठा डोस गेल्यावर २६० च्या पुढे. साखर एवढी चढली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात, जंतू समोर दिसला तरी नीट गिळत नाहीत. माझ्या पोटावर चरबी बोटभर, बाबांच्या चार बोटं, आणि चरबीत रक्तपुरवठा बेताचाच. पोटात पाणी मला नाही, त्यांना होतं आणि ते टाक्यांतून झिरपून जखम ओलीच ठेवतं. सात तास, साडेबारा तास. शून्य पिशव्या, अकरा पिशव्या. इथं त्यांनी मला थांबवलं. रक्त जातं तेव्हा त्यासोबत अँटिबायोटिकही वाहून जातं, म्हणून लांबलेल्या ऑपरेशनमध्ये मध्येच पुन्हा डोस द्यावा लागतो. शिवाय परक्याचं रक्त इतकं मिळालं की शरीराची प्रतिकारशक्तीही थोडी बिचकते. मला ऑपरेशननंतर एकही गोळी नको होती ती प्रतिकारशक्ती दाबणारी. बाबांना तीन. त्या नसत्या तर माझंच यकृत त्यांच्या शरीरानं परकं म्हणून हाकलून दिलं असतं. आणि या गोळ्यांच्या गटातलीच एक जात अशी आहे की ती ताज्या जखमेला भरूच देत नाही, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे ती टाळतात.

"आणि आता सगळ्यात महत्त्वाचं," म्हणून त्यांनी फाइलमधून दोन कागद काढले. एक पूच्या कल्चरचा, म्हणजे पूतले जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा. जंतू क्लेब्सिएला. खाली औषधांची नावं आणि प्रत्येकापुढे इंग्रजी अक्षर. एस म्हणजे जंतू मरतो, आर म्हणजे दाद देत नाही. आर, आर, आर, मेरोपेनेमसारख्या भारी औषधापुढेही आर. पार तळाशी दोन ठिकाणी एस. दुसरा कागद ॲडमिट झाल्याच्या दिवशीच्या त्या स्वॅबचा. जंतू तोच. आरची रांगही तीच, ओळीनं ओळ.

"म्हणजे हा आधीच होता?"

"यांच्याच आतड्यात. वर्षभर जी अँटिबायोटिक दिली, तिनं साधे मरत गेले आणि हे चिवट उरले. ती द्यायला नको होती असं नाही. दिली नसती तर हे इथवर आलेच नसते."

मी आत्याच्या अंगाऱ्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, राख नको लावत जाऊ कुणी, पण हा जंतू राखेतून आलेला नाही. मग मी हातमोज्यांचं सांगितलं. यावर ते लगेच काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "तो हा जंतू नसेल, पण उद्या दुसऱ्या कुणाचा असू शकतो. ते चूकच आहे. आणि साडेबारा तासांत आमच्या बाजूनं काहीच राहिलं नसेल, असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही." इतकं बोलणारा डॉक्टर मला पुन्हा भेटला नाही. रुग्णालयात अशा किती जखमा पिकतात, हे मी लेखी विचारलं होतं. त्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही.

मी वही मिटली तेव्हा बाबांच्या बाजूला सतरा ओळी झाल्या होत्या. मला एक चुकीची नोंद हवी होती. त्या सतरांतल्या बहुतेक तर ऑपरेशनच्या तारखेच्या आधीच लिहून झाल्या होत्या. आमच्या हातातल्या म्हणाव्यात अशा चार-पाच: वरणाचं पाणी, खर्रा, वस्तरा, वर्षानुवर्षं 'चालते' म्हणून सोडलेली साखर. बाकीच्यांना कुणी काय करणार? यकृत खराब होतं म्हणूनच ऑपरेशन करायचं, आणि यकृत खराब होतं म्हणूनच जखम पिकायची. मी आत्याला फोन लावला. तिनं उचलला नाही.

उपचार म्हणजे तारेवरची कसरत होती. क्लेब्सिएलासाठीचं इंजेक्शन इतकं महाग की काकांनी वर्ध्याजवळचं अर्धा एकर विकायची भाषा सुरू केली. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज तेव्हाच पुन्हा हलवला. एक गोळी थांबवली, टॅक्रोलिमस कमी केली. जंतूला आवरायचं तर प्रतिकारशक्ती मोकळी सोडायची, आणि ती सोडली की नव्या यकृतावर धावून जाणार. रोज पहाटे सहाला, गोळी घेण्याआधी, बाबांच्या हातातून रक्त काढायचे आणि दुपारी टॅक्रोलिमसची पातळी यायची. एकदा यकृताचे एन्झाइम दुपटीनं वाढले. दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. मग उतरले.

जखम आता पूर्ण उघडी ठेवली होती. पुन्हा शिवायची नाही, तळापासून भरू द्यायची. सर्जन निर्जंतुक कापसाची काडी आत उभी घालायचे, बोटानं खूण धरायचे आणि पट्टीला लावायचे. साडेपाच सेंटिमीटर. मग व्हॅक ड्रेसिंग आलं. काळा स्पंज जखमेच्या आकाराचा कापून आत बसवायचा, वरून पारदर्शक चिकटपट्टी, तिला भोक पाडून नळी, नळीला डबा आणि पंप. सुरू केलं की स्पंज सुरकुतून कडक होतो, सुकलेल्या चिंचेसारखा. उणे १२५ दाबावर लावलेला तो पंप रात्रंदिवस गुरगुरायचा. हवा कुठून शिरली की शिट्टी वाजवायचा. बाबा त्याला "आपला पोपट" म्हणायचे. दर तिसऱ्या दिवशी स्पंज बदलायचा. काढताना तो मांसाला चिकटलेला असे, म्हणून आधी सलाइननं भिजवून पंधरा मिनिटं थांबायचं. मी घाईनं ओढू पाहणाऱ्या एका शिकाऊ डॉक्टरचा हात चक्क धरला होता. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी स्पंज निघाला आणि खाली पांढरटपणा नव्हता. डाळिंबाचे दाणे पसरावेत तसं लालबुंद, दाणेदार, ओलसर मांस. "ग्रॅन्युलेशन मस्त आहे," सिस्टर म्हणाली, म्हणजे नवं मांस छान धरतंय. आईला तिनं मुद्दाम जवळ बोलावून दाखवलं, आणि या वेळी आई पाहत राहिली.

अडतिसाव्या दिवशी घरी आणलं. मार्च अर्धा सरला होता आणि नागपूरचं ऊन तापायला लागलं होतं. डॉक्टरांनी कूलर लावायला मनाई केली. कूलरच्या वाळ्यात आणि टाकीतल्या साचलेल्या पाण्यात बुरशी-जंतू वाढतात, आणि प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाच्या तोंडावर चोवीस तास ती हवा मारायची म्हणजे काय! एसी घेतला, हप्त्यांवर. बाहेरचं खाणं बंद, त्यामुळे तर्री पोहे बंद. बाबांना त्याचं इतकं वाईट वाटलं नाही जितकं संत्र्याचं वाटलं. ग्रेपफ्रूट आणि पपनस टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढवतात म्हणून अजिबात चालत नाहीत, एवढं कानावर पडलं होतं आणि आईनं लिंबू सोडून सगळ्या आंबट फळांना घराबाहेर काढलं. ओपीडीत मी विचारलं. आपल्या संत्र्याचं तसं नाही, स्वच्छ धुऊन, सोलून, प्रमाणात खा म्हणाले. कॉटन मार्केटमधून मी त्याच दिवशी डझनभर आणली. मृग बहराची शेवटची असावीत, साल सुटलेली. बाबांनी एक फाक तोंडात धरून ठेवली, चावली नाही कितीतरी वेळ.

ड्रेसिंग मी शिकले. साबणानं कोपरापर्यंत हात, नखं कापलेली, अंगठी काढलेली, पंखा बंद. आईनं साखरेची वही ठेवली, दिवसाला चार नोंदी. माझ्या ऑफिसातल्या पोरांपेक्षा स्वच्छ. रोज दोन अंडी, पनीर, वरण चमचा उभा राहील असं. खर्ऱ्याची आठवण बाबा अजून काढतात, पण बडीशेपेच्या डबीवर भागवतात. निदान मला तरी चपलांच्या स्टँडमागे काही सापडलेलं नाही. मेच्या शेवटी, नवतपा संपता संपता, जखमेवर शेवटची खपली धरली. साडेपाच सेंटिमीटरची काडी आता टेकवायलाही जागा नव्हती. खोकताना वणाच्या मधोमध थोडा फुगवटा येतो. हर्नियाची सुरुवात आहे, पट्टा वापरा, पुढे पाहू म्हणाले.

आत्या जूनमध्ये आली. हात न सांगता धुतले. माझ्याशी पहिले दोन तास बोलली नाही, मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "दाखव पाहू." मी कुर्ता वर केला. बारीक, गुलाबी रेघ. तिनं ती नीट पाहिली आणि म्हणाली, "इतकंच का वं?" बाहेर बाबांनी ऐकलं असावं. "माझा पाहा, माझा," ते ओरडले, "हायवे आहे हायवे!"

मागच्या आठवड्यात ओपीडीत आमच्या शेजारी चंद्रपूरकडची एक बाई बसली होती. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, शेजारी पोट फुगलेला, डोळे पिवळे झालेला नवरा. तिचा दीर दाता आहे, तारीख पुढच्या महिन्यात. कुणीतरी तिला बाबांचं सांगितलेलं होतं.

"ताई, जखम पिकू नये म्हणून काय करा लागते जी?"

मी विचारलं, "जेवतात काय सध्या?"

"काही नाही. वरणाचं पाणी देतो, भात देतो. पचत नाही म्हणते ना."

मी माझी खुर्ची तिच्याकडे वळवली. म्हटलं, "पिशवीतली फाइल काढा. अल्ब्युमिन लिहिलेलं पान शोधू आधी." तिनं पिशवीची गाठ सोडली. कागद क्रमानं लावलेले नव्हते.